पहिली पसंती आणि पर्यायी विषय : एका क्रमाचा अर्थ

विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात विद्यार्थी आपला पहिला विषय आणि त्याखाली पर्यायी विषय लिहितो. वरवर पाहता ही केवळ माहिती आहे. वस्तुतः ते एक विधान आहे, आणि कोणत्याही विधानाप्रमाणे त्याचा अर्थ ते वाचणाऱ्याच्या नियमांवर अवलंबून असतो. ‘प्रथम स्थापत्य, नंतर संगणक’ ही एकच यादी एका पद्धतीत एक फळ देते आणि दुसऱ्या पद्धतीत अगदी निराळे. हे न उमगल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी स्वतःच्याच इच्छेविरुद्ध यादी लिहितात आणि पुढील तीन-चार वर्षे, क्वचित् सारे आयुष्य, त्या यादीचा परिणाम भोगतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा तपशिलाने विचार करणे युक्त ठरेल.

१. विकल्पाचे प्रकार

दोन पर्याय पुढे ठेवले म्हणजे ते समबल असतातच असे नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत विकल्प सांगण्यासाठी ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे निरनिराळे शब्द येतात. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, ‘वा’ने सांगितलेले रूप अधिक इष्ट, ‘विभाषे’ने सांगितलेले कमी इष्ट, आणि ‘अन्यतरस्याम्’ने सांगितलेली दोन्ही रूपे सारखीच इष्ट होत. हा ग्रंथ पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या सहयोगाने निघाला. त्यातील मत सर्वमान्य झाले नसले, तरी त्याने दाखविलेला भेद येथे उपयोगी पडतो. प्रवेश-अर्जातील ‘पर्यायी विषय’ हा यांपैकी कोणता विकल्प, हेच अर्जदाराला प्रथम ठाऊक असावयास हवे. संस्कृतात ‘पर्याय’ या शब्दाचा एक अर्थ ‘पाळी’ असाही आहे. पर्यायी विषयाची पाळी केव्हा येते, आणि येते तरी का, हाच खरा प्रश्न होय.

२. तीन पद्धती

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी-शिक्षण देणाऱ्या नऊ परिसरांसाठी एकच अर्ज असतो. विद्यार्थी परिसरांचा पसंतीक्रम लावीत नाही. निवडलेल्या प्रत्येक परिसरासाठी मुख्य विषय आणि इच्छा असल्यास पर्यायी विषय लिहितो. मात्र पर्यायी विषयाचे वजन सर्वत्र सारखे नाही. मुख्य विषयात जागा न मिळाल्यास काही परिसर पर्यायी विषयाचा विचार करतात, काही करीत नाहीत. जेथे विचार होतो तेथेही पहिल्याइतकाच गर्दीचा विषय पर्याय म्हणून लिहिणे म्हणजे पर्याय वाया घालविणेच होय.

दुसऱ्या पद्धतीत प्रथम सर्वांच्या पहिल्या पसंतीचा विचार होऊन जागा कायम दिल्या जातात. उरलेल्या जागांवरच दुसऱ्या पसंतीचा विचार होतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या शाळांत ही रीत होती, म्हणून ती त्या शहराच्या नावाने ओळखली जाते.

तिसरी पद्धत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली एका छोट्या लेखात मांडली. तिला ‘विलंबित स्वीकृती’ म्हणता येईल. तीत कोणतीही जागा शेवटपर्यंत कायम होत नाही. अधिक गुणांचा उमेदवार आपल्या दुसऱ्या पसंतीने आला, तरी तो कमी गुणांच्या उमेदवाराला हटवितो.

३. एक उदाहरण

संगणक आणि स्थापत्य या दोन शाखांत प्रत्येकी एकच जागा आहे असे समजू. ‘क’ला ९०, ‘ख’ला ८५ आणि ‘ग’ला ८० गुण आहेत. ‘क’ आणि ‘ख’ यांना प्रथम संगणक हवे, नंतर स्थापत्य. ‘ग’ला प्रथम स्थापत्य हवे, नंतर संगणक.

बॉस्टन-पद्धतीत पहिल्याच फेरीत संगणक ‘क’ला आणि स्थापत्य ‘ग’ला कायमचे जाते. ‘ख’ रिकाम्या हाताने परततो. ‘ग’पेक्षा अधिक गुण असूनही केवळ खरी इच्छा लिहिल्याबद्दल त्याला शिक्षा होते. त्याने स्थापत्य पहिले लिहिले असते, तर ते त्याला मिळाले असते.

विलंबित स्वीकृतीत ‘ख’ला संगणक नाकारले जाताच तो स्थापत्याकडे वळतो आणि तेथे तात्पुरत्या बसलेल्या ‘ग’ला हटवितो. ‘ग’ संगणकाकडे जातो, परंतु ‘क’पुढे टिकत नाही. खरे लिहूनही ‘ख’ची जागा सुरक्षित राहते. उलट भीतीपोटी ‘ख’ने स्थापत्य पहिले लिहिले आणि नेमका ‘क’ अन्यत्र निघून गेला, तर हाताशी आलेले संगणक ‘ख’ स्वतःच गमावितो.

या पद्धतीत अर्जदाराला खोटा क्रम लिहून कधीच लाभ होत नाही, हे डुबिन्स व फ्रीडमन यांनी १९८१ साली आणि रॉथ यांनी १९८२ साली सिद्ध केले. अब्दुलकादिरोग्लू व सनमेझ यांनी २००३ साली बॉस्टन-पद्धतीचे दोष मांडले. २००५ साली त्या शहराने ती पद्धत सोडून विलंबित स्वीकृती पत्करली.

४. आपल्याकडील प्रश्न

भारतात आयआयटी, एनआयटी आदी संस्थांचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’ या संयुक्त व्यवस्थेतून होतात. तिचा पाया विलंबित स्वीकृतीचाच आहे. संस्था आणि शाखा यांची जोडी ही एक पसंती, आणि पसंतींच्या संख्येला मर्यादा नाही. मिळालेली जागा घेऊन थांबणे म्हणजे ‘फ्रीझ’, त्याच संस्थेतील वरच्या पसंतीची वाट पाहणे म्हणजे ‘स्लाइड’, आणि कोणत्याही संस्थेतील वरच्या पसंतीची वाट पाहणे म्हणजे ‘फ्लोट’. तरीही मागील वर्षीच्या शेवटच्या गुणांकाकडे पाहून ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडती शाखा खाली ढकलण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. हा सल्ला बॉस्टन-पद्धतीचा आहे; येथे तो केवळ हानी करतो. न मिळणारी पसंती वर लिहिल्याने खालची पसंती दुबळी होत नाही.

जेथे यादीची लांबी मर्यादित असते, तेथे कोणत्या शाखा लिहाव्यात याचा हिशेब करावा लागतो. परंतु लिहिलेल्या शाखांचा आपसांतील क्रम विलंबित स्वीकृतीत तेव्हाही खराच असावा.

यावरून अध्यापकाचे कर्तव्य स्पष्ट होते. ‘पहिला विषय कोणता लिहू?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शाखेचे भवितव्य सांगण्यापूर्वी त्याची यादी कोणत्या नियमाने वाचली जाणार आहे, हे त्याच्याबरोबर बसून पाहावे. नियम खऱ्या इच्छेला शिक्षा करणारा असेल, तर सावधपणे लिहिण्यात दोष नाही. दोष नियमाचा आहे, आणि तो बदलावा असे म्हणण्याचे काम विद्यापीठांचे आहे. नियम खऱ्या इच्छेचे रक्षण करणारा असेल, तर त्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट सांगावयाची उरते : जे खरोखर हवे आहे, तेच वर लिही.