धक्का वजा केलेलं पिस्तूल

एनसीसीत गेलेल्या माणसाला ‘पॉइंट टू टू’ (.२२) समजावून सांगावं लागत नाही. अंगाखांद्यानं थेट लष्करी वाटणारी ती रायफल, आणि तिच्या पोटात जाणारं काडतूस मात्र करंगळीच्या दोन पेरांएवढंही नाही. सैनिकाला खऱ्या शस्त्राची सवय लावायची, पण खऱ्या दारूगोळ्याचा खर्च करायचा नाही, ही युक्ती जुनी आहे. ब्रिटिश लष्करात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मार्टिनी-हेन्री रायफलच्या नळीत एक बारीक नळी सरकवून तालमी होत. तिला मॉरिस ट्यूब म्हणत. तीच युक्ती पिस्तुलावर उतरली आणि अमेरिकेत तिचा चांगला धंदा झाला. त्या धंद्यातला माल म्हणजे रिमफायर कन्व्हर्जन किट. पिस्तुलाचा खालचा सांगाडा, मूठ, ट्रिगर, सेफ्टी सगळं मूळचंच ठेवायचं. वरची स्लाइड, बॅरल, स्प्रिंग आणि मॅगझिन बदलायचं. .४५ किंवा ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिनिटाभरात .२२चं होतं.

काडतुसाचा फरक आधी पाहू. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी बरोबर मध्यभागी एक वेगळी छोटी टोपी बसवलेली असते. फायरिंग पिन तिच्यावर आदळते, ठिणगी पडते, आतली दारू पेटते. रिमफायरमध्ये वेगळी टोपी नाही. पेट घेणारं रसायन काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर मारते. कडा चेपता यावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ म्हणजे दाबही बेताचाच. म्हणून आज रिमफायरची दुनिया छोट्या काडतुसांची आहे. तिचा राजा .२२ लाँग रायफल. तो १८८७ सालापासून आहे आणि अजून हटलेला नाही.

आता अदलाबदल. अमेरिकेतलं सगळ्यात परिचित उदाहरण घेऊ : जॉन ब्राउनिंगनं आखलेलं आणि अमेरिकी लष्करानं १९११ साली स्वीकारलेलं .४५चं कोल्ट. त्याला आजही सगळे ‘नाइन्टीन इलेव्हन’च म्हणतात. आधी मॅगझिन काढायचं. स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं, करंगळीनं चाचपायचं. मग बॅरलच्या तोंडाखालचा गोल प्लग अंगठ्यानं दाबून धरायचा आणि बुशिंग बाजूला फिरवायचं. इथे जरा सांभाळून, कारण आतली स्प्रिंग तट्ट दाबलेली असते. अंगठा निसटला की प्लग थेट कपाटाखाली. स्लाइड मागे सरकवत तिच्यावरची खाच स्लाइड-स्टॉपच्या समोर आणायची, उजवीकडून त्याची खुंटी दाबायची, डावीकडून ओढून काढायची. की वरचा सगळा डोलारा पुढे घसरून हातात येतो. किटचा डोलारा त्याच खोबणीतून मागे सरकवायचा आणि बहुतेक किटांत तीच खुंटी परत घालायची. झालं. हत्यारं नकोत, गनस्मिथ नको. हातात मूठ तीच, बोटाखाली ट्रिगर तोच.

हे इतकं सोपं व्हायला बराच काळ लागला. अडचण बंदुकीच्या स्वभावातच होती. .४५च्या पिस्तुलात गोळी सुटताना बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. दोघी थोडं अंतर जोडीनं मागे जातात, मग बॅरल खाली कलते आणि स्लाइड सुटी होऊन पुढचं काडतूस भरते. त्या जड पोलादी स्लाइडला ढकलायची ताकद .२२मध्ये नाही. साधा हिशेब करून पाहा. .४५ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला अंदाजे २५५ मीटर. .२२ची गोळी २.६ ग्रॅमची, वेग ३३०च्या आसपास. वजन गुणिले वेग केलं तर पहिलीचा रेटा दुसरीच्या साडेचारपट निघतो.

कोल्ट कंपनीनं १९३१ साली ‘एस’ नावाचं .२२चं पिस्तूल काढलं. दिसायला नाइन्टीन इलेव्हन, स्लाइड तासून हलकी केलेली, बॅरल जागच्या जागी स्थिर. अमेरिकेत महामंदीचे दिवस होते, लोक गोळीगोळीचा हिशेब ठेवायचे. स्वस्त काडतुसावर सराव ही कल्पना तेव्हा पटण्यासारखीच होती. पण हलक्या केलेल्या स्लाइडलाही .२२चा रेटा जेमतेमच पुरायचा, आणि लष्करी मंडळींची तक्रार वेगळीच होती : याला धक्काच नाही! .४५ हाताळताना मनगटाला जे शिकावं लागतं, ते या पिस्तुलावर शिकता येत नाही.

त्यावरचा उपाय सुचला होता तो तुरुंगातून सुटून आलेल्या एका माणसाला. डेव्हिड मार्शल विल्यम्स हा नॉर्थ कॅरोलिनाचा. तरुणपणी चोरून दारू गाळायचा. १९२१ साली त्याच्या भट्टीवर धाड पडली, गोळीबारात एक डेप्युटी शेरिफ मेला आणि विल्यम्सला वीस ते तीस वर्षांची शिक्षा झाली. कॅलिडोनिया प्रिझन फार्मवर असताना तिथल्या अधिकाऱ्यानं त्याच्या हातातली कारागिरी ओळखली आणि त्याला कामशाळेत काम करू दिलं. खुनाच्या गुन्ह्यातला कैदी तुरुंगातच बंदुका बनवतो आहे, हे आज कुणी कादंबरीत लिहिलं तर संपादक कापून टाकील. पण ते घडलं. १९२९ साली तो सुटला. पुढे दुसऱ्या महायुद्धात साठ लाखांहून जास्त बनलेल्या एम-वन कार्बाइनचा आखूड धावेचा गॅस पिस्टन त्याच्याच डोक्यातून निघाला. १९५२ साली हॉलिवूडनं त्याच्यावर चित्रपटही काढला, त्यात जेम्स स्ट्यूअर्ट विल्यम्स झाला होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याची खरी कमाई म्हणजे फ्लोटिंग चेंबर, तरंगतं चेंबर. एरवी काडतूस ज्या पोकळीत बसतं ती बॅरलचाच भाग असते. विल्यम्सनं ती पोकळी वेगळी केली आणि बॅरलच्या मागच्या टोकात सुटी, सरकती बसवली. गोळी पुढे निघाली की तिच्यामागचा वायू या सुट्या चेंबरच्या पुढच्या तोंडावर दाब देतो. हे तोंड काडतुसाच्या बुडापेक्षा बरंच रुंद. दाब तोच, क्षेत्रफळ मोठं, म्हणून रेटा मोठा. चेंबर पिस्टनसारखं मागे येतं आणि जड स्लाइडला दणका देतं. .२२चा धक्का यानं जवळजवळ चौपट होतो, म्हणजे .४५च्या पुष्कळ जवळ. विल्यम्सनं ही करामत आधी मशिनगनच्या तालमीसाठी वापरून दाखवली होती. कोल्टनं ती १९३७च्या ‘सर्व्हिस मॉडेल एस’मध्ये घातली, आणि १९३८ साली ज्यांच्याकडे .४५ आधीच आहे त्यांच्यासाठी नुसता वरचा भाग विकायला काढला. आजच्या सगळ्या किटांचा हा मूळ पुरुष. गंमत म्हणजे उलटा संचही मिळे : सर्व्हिस एसला .४५ करणारा.

तरंगत्या चेंबरचं एक दुखणं होतं. .२२ची गोळी शिशाची, वर मेणाचा हात. चेंबर आणि बॅरलच्या फटीत शिसं, मेण, काजळी साचत जायची आणि चेंबर जागीच घट्ट बसायचं. मग बसा घासत. ज्याला पिस्तूल साफ करायचा कंटाळा, त्यानं या यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असं त्या पिढीतले नेमबाज सांगत आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

कोल्टनं एवढा आटापिटा करून जो धक्का परत आणला, तो पुढच्या कारागिरांनी जाणूनबुजून टाकून दिला. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात रस आहे तो इथे. यामागे होती अमेरिकेतली बुल्सआय नेमबाजी. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. बुल्सआयची मोठी स्पर्धा २७०० गुणांची : .२२च्या ९० गोळ्या, सेंटरफायरच्या ९०, .४५च्या ९०. सगळ्या एका हातानं, ५० आणि २५ यार्डांवरून. सेंटरफायरच्या टप्प्यात .४५ चालतं, म्हणून बरेच जण दोनच पिस्तुलं आणतात. आणि ज्याच्याकडे किट आहे त्याचं एकाच सांगाड्यावर भागतं. २७० गोळ्या आणि ट्रिगर एकच. ज्या ट्रिगरवर तासन् तास खर्च करून त्याचा ताण मनासारखा करून घेतलाय, तो .२२ला एक आणि .४५ला दुसरा का असावा?

अशा माणसाला खोटा धक्का नको असतो, गोळी जिथे पाठवली तिथे जायला हवी असते. मार्वल या नावानं ओळखलं जाणारं किट त्यासाठीच बनलं. बॅरल सांगाड्याला घट्ट धरलेली, नेम धरायची पट्टी त्या स्थिर भागावर. स्लाइड मागेपुढे होते पण नेमाचा काटा हलत नाही. चेक कंपनी सीझेडच्या ‘कडेट’ किटात वरचा बहुतांश भाग सांगाड्यावर ठाम बसतो आणि मागचा छोटा तुकडा तेवढा धावतो. तेही पोलादी, म्हणून हातातलं वजन मूळ पिस्तुलासारखंच. ग्लॉक पिस्तुलासाठी ॲडव्हांटेज आर्म्सचं किट निघालं. त्याची स्लाइड हलक्या धातूची, त्यामुळे पिस्तूल थोडं पोकळ वाटतं. पण चालतं.

धक्का नसताना शिकायचं काय? तर बोट. पिस्तुलाची बहुतेक चूक बोटात असते आणि बोटाची बहुतेक चूक भीतीत. .४५ आता दणका देणार, हे शरीराला ठाऊक असतं. ट्रिगर सुटायच्या क्षणाच्या किंचित आधी मनगट आपोआप खाली झुकतं. त्याला नेमबाज ‘फ्लिंच’ म्हणतात. गोळी खाली डावीकडे जाते (उजवा हात धरून बोलतोय), आणि मारणारा साइटला दोष देतो. मोठ्या धक्क्यात हे झुकणं दिसत नाही, कारण पुढच्याच क्षणी पिस्तूल वर उसळलेलं असतं. .२२वर मात्र ते लपत नाही. रिमफायर काडतुसात कधीकधी कडेतलं रसायन सगळीकडे नीट पसरलेलं नसतं, पिन पडते आणि नुसती टिकटिक ऐकू येते. तेवढ्यात पिस्तुलाचं तोंड इंचभर खाली गेलेलं सगळ्या रेंजला दिसतं. फुसकं काडतूस हा फुकटचा प्रशिक्षक. (अशा वेळी पिस्तूल लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं असतं, काडतूस उशिरा उडू शकतं. चौकशी नंतर.)

किटच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण विकणारे त्या दबक्या आवाजात सांगतात. पाठोपाठ वेगानं गोळ्या मारणाऱ्याला पहिल्या गोळीनंतर साइट परत जागेवर आणणं हीच खरी कसरत. ती .२२वर येत नाही. उलट आपल्याला ती येते असा भ्रम होतो. हलक्या स्लाइडची किटं काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ असतात. एका छापाची काडतुसं रोज चालतात, दुसऱ्या छापाची तीन मारली की चौथं अडकतं. काहींत शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नाही. गोळी लागायची जागाही मूळ पिस्तुलापेक्षा वेगळी, म्हणून साइट पुन्हा जुळवावी लागते. आणखी एक : रिकाम्या रिमफायर चेंबरवर ड्राय फायर (काडतुसाविना ट्रिगर ओढणं) करू नये, पिन चेंबरच्या काठावर आदळून काठ चेपते. म्हणजे घरात भिंतीसमोरच्या ड्राय प्रॅक्टिससाठी पुन्हा मूळ स्लाइडच चढवावी लागते.

आणि पैसा. अमेरिकेत ९ मिलिमीटरच्या एका काडतुसाच्या किमतीत .२२ची तीन-चार सहज येतात, .४५च्या किमतीत त्याहून जास्त. शिवाय सेंटरफायरची रिकामी काडतुसं पुन्हा भरता येतात, रिमफायरची नाही, तरीही .२२ स्वस्तच पडतं. किट काहीशे डॉलरचं, काही हजार गोळ्यांत वसूल. पण डिसेंबर २०१२नंतर शस्त्रांवर निर्बंध येणार या धास्तीनं लोकांनी दुकानं रिकामी केली आणि इतर काडतुसं परत दिसू लागली तरी .२२ कितीतरी दिवस मिळेना. स्वस्ताईवर उभा असलेला तो युक्तिवाद तेव्हा चांगलाच लंगडला. नंतर कारखान्यांनी सबंध पिस्तुलंच .२२मध्ये आणली. ग्लॉकचं ४४ हे मॉडेल २०२०मध्ये बाजारात आलं. ते मापानं ग्लॉक १९सारखंच आहे आणि त्याला किटपेक्षा फार जास्त पैसे पडत नाहीत. माझं मत विचाराल तर नुसता गोळ्या मारायचा आनंद हवा असणाऱ्यानं सरळ .२२चं वेगळं पिस्तूल घ्यावं. ट्रिगर मनासारखा तयार करून घेतलेला असेल आणि तोच रोज बोटाखाली हवा असेल, तर किटला पर्याय नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजीत हा दुसरा विचार मुरलेला आहे. पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाचा क्रम आणि महिलांच्या .२२च्या २५ मीटर पिस्तुलाचा क्रम एकच : ३० गोळ्या सावकाश, ३० वेगानं. वॉल्थरनं १९६८ साली आणलेलं जीएसपी पिस्तूल त्यामुळेच .२२ आणि .३२ असं दोन्हीकडे बदलता येतं. सेंटर फायरमध्ये जसपाल राणानं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांनिशी विश्वविक्रमाशी बरोबरी केली. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला सुवर्ण मिळवलं ते .२२वर.

हे वाचून कुणाला अमेरिकेतल्या भाच्याकडून किट मागवायचा मोह झाला, तर त्यानं आधी कायदा वाचावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात क्रमांक असलेला सांगाडा म्हणजे बंदूक. वरची स्लाइड-बॅरल हा सुटा भाग, टपालानं घरी येतो. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भाग हेही शस्त्रच. परवान्याशिवाय नुसती बॅरल बॅगेत सापडली तरी गुन्हा होतो, तेव्हा भाच्याला चॉकलेटंच आणायला सांगा.