प्रवास करून आलेलं अंडं

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भिल्ल-भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळलेला हा काळा पक्षी त्याआधीच महाराष्ट्रात पोहोचला होता. मानांकनानंतर त्याचं नाव आणखी गाजलं आणि तो आपल्याही अंगणात असावा असं अनेकांना वाटू लागलं. जिवंत कोंबड्या लांबून आणणं महाग पडतं, म्हणून लोक अंडी मागवतात. कुरिअरनं किंवा बसच्या पार्सलनं डझन-दोन डझन अंड्यांचं खोकं येतं. घरात थर्माकोलच्या पेटीत बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून उबवणीचं यंत्र तयार असतं. एकविसाव्या दिवशी पिलं निघणार, असा हिशेब असतो.

तो बऱ्याचदा चुकतो. शेजारच्या वाडीतून आणलेल्या ताज्या अंड्यांतून दहापैकी आठ पिलं काढणारा माणूस लांबून आलेल्या अंड्यांतली निम्मी फुटली तरी खूश होतो. कधी कधी डझनातून दोनच निघतात. मग कोणी यंत्राला दोष देतो, कोणी विकणाऱ्याला. पण अंडी यंत्रात ठेवण्याआधीच, वाटेत बरंच काही ठरून गेलेलं असतं.

अंडं घातलं जातं तेव्हा ते कोंबडीच्या अंगाइतकं गरम असतं. बाहेर आल्यावर ते थंड होतं, आतला ऐवज किंचित आकसतो, बोथट टोकाशी कवचाखालचे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून आलेली हवा तिथे साठते. हा वायुकोश. पिलू आयुष्यातला पहिला श्वास याच जागेतून घेतं. गाडीचे हादरे, पार्सलांची फेकाफेक आणि तासन्‌तास चालणारं कंपन यांनी आतला पापुद्रा उसवतो. मग हवेचा बुडबुडा जागा सोडतो, अंडं वळवलं की तोही सरकतो. बलकाला दोन्ही बाजूंनी मध्यभागी धरून ठेवणारे पांढरे पीळदार दोरे ताणले जातात, बलकावरचं नाजूक आवरण दुखावतं. बाहेरून पाहावं तर कवचावर ओरखडासुद्धा नसतो.

हादऱ्यांच्या जोडीला उष्णता असते. फलित अंड्यातला जीव कोंबडीच्या पोटातच वाढू लागलेला असतो आणि अंडं थंड झाल्यावर थांबतो. साधारण २०-२१ अंशांच्या खाली तो निपचित राहतो, तापमान त्यावर गेलं की अडखळत वाढू लागतो. मे महिन्यात पार्सलच्या बंद गाडीत तापमान चाळिशी ओलांडतं, रात्री उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतं. असं अर्धवट जागं होणं आणि पुन्हा थांबणं त्या जिवाला झेपत नाही. त्यामुळे अंडी मागवायची तर थंडीच्या दिवसांत मागवावीत. घातल्यापासून सात दिवसांच्या आत ती यंत्रात जावीत, कारण पुढे प्रत्येक दिवसागणिक पिलू निघण्याची शक्यता घटते. प्रवासाचे दिवस याच सातांत धरायचे असतात, हे पुष्कळ जण विसरतात.

विकणाऱ्याला विचारण्यासारखे प्रश्न त्यातूनच निघतात. अंडी कोणत्या तारखेची? कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे ना? अंडी धुतलेली तर नाहीत? कवचावरचा नैसर्गिक थर धुतल्यानं निघून जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते. कळपाच्या तब्येतीची चौकशी तर हवीच, कारण साल्मोनेला आणि मायकोप्लाझ्मासारखे रोग अंड्यातून थेट पिलात उतरतात. आणि कोणी काळं अंडं कडकनाथचं म्हणून दाखवू लागला तर तिथून निघावं. या कोंबडीचं अंडं फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचंच असतं.

पार्सल घरी आलं की सगळ्यांचा हात आधी यंत्राकडे जातो. तो आवरायला हवा. अंडी हलकेच काढावीत, तडकलेली बाजूला करावीत आणि उरलेली बोथट टोक वर, निमुळतं टोक खाली अशी ट्रेमध्ये उभी करून थंडशा खोलीत बारा ते चोवीस तास तशीच राहू द्यावीत. या वेळेत बलक स्थिरावतो आणि सुटलेला बुडबुडा पुष्कळदा वर येऊन जागेवर बसतो. अंधारात टॉर्चवर अंडं धरलं की वायुकोश दिसतो. त्याची कड पेन्सिलीनं कवचावर आखून ठेवावी. कड वाकडीतिकडी किंवा हलती असेल तर यंत्रातही अंडं उभंच ठेवतात. अनेक अनुभवी माणसं अशी अंडी पहिले दोन-तीन दिवस अजिबात फिरवत नाहीत. त्यावर मतभेद आहेत. पण वायुकोश हलत असेल तर थांबण्याचा धोका फिरवण्याच्या धोक्यापेक्षा कमी वाटतो.

यंत्राचं काम कोंबडीचीच नक्कल करण्याचं. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पंखा नसेल तर हवेचे थर पडतात, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर साधारण एक अंश जास्त ठेवतात. स्वस्त थर्मामीटर एक-दीड अंशानं सहज फसवतो आणि तेवढ्यानं पिलं एक तर लवकर, अशक्त निघतात किंवा उशिरा. त्यामुळे ताप मोजायच्या थर्मामीटरशी कोमट पाण्यात त्याची तुलना करून घ्यावी. आर्द्रतामापकाची परीक्षा मिठानं होते. झाकणात किंचित ओलं केलेलं मीठ आणि आर्द्रतामापक एका घट्ट बंद पिशवीत काही तास ठेवले की काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढे धरायचा. ही सगळी पडताळणी अंडी यायच्या आधी व्हावी. रिकामं यंत्र एक दिवसभर चालवून पाहिल्याशिवाय त्यात अंडी ठेवू नयेत.

पहिले अठरा दिवस यंत्रात ४५ ते ५५ टक्के आर्द्रता पुरते. इथे महाराष्ट्राचं हवामान मध्ये येतं. रत्नागिरीत जुलैमध्ये २६ अंशांची, ९० टक्के दमट हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर येते. वाटीत वेगळं पाणी ठेवण्याची गरज क्वचितच पडते. थंडीत देशावरची कोरडी हवा तेवढीच तापवली तर आर्द्रता पंधरा टक्क्यांच्याही खाली जाते आणि पाण्याचं पसरट भांडं ठेवावंच लागतं. विदर्भातल्या मे महिन्याची अडचण याहून अवघड. बल्ब गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो आणि अंडी तरीही तापत राहतात.

आर्द्रतेचा सर्वांत खात्रीचा पुरावा अंड्याच्या वजनात मिळतो. अठरा दिवसांत अंड्यातलं पाणी हळूहळू उडून त्याचं वजन ११ ते १३ टक्क्यांनी उतरायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास आलं तर वायुकोश पुरेसा वाढला आहे. वजन कमी उतरलं तर पिलाला श्वासाला जागा उरत नाही, फार उतरलं तर ते आतच वाळतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरेसा आहे.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवतात. विषम आकडा एवढ्यासाठी, की लागोपाठच्या रात्री अंडं एकाच कुशीवर राहू नये. फिरवलं नाही तर वाढता जीव पापुद्र्याला चिकटतो. खुडूक कोंबडी हे काम चोचीनं रात्रंदिवस करतच असते. कडकनाथ स्वतः क्वचितच खुडूक बसते, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली रवणीला ठेवण्याची रीत जुनी आहे. लोडशेडिंगच्या गावात आजही हा मार्ग यंत्रापेक्षा भरवशाचा ठरतो.

सातव्या दिवशी टॉर्च लावला की फलित अंड्यात मध्ये काळसर ठिपका आणि भोवती लाल शिरांचं जाळं दिसतं. काहीच दिसत नसेल तर अंडं वांझ. लाल कडं दिसलं तर जीव सुरुवातीलाच थांबला. असं अंडं काढून टाकावं, कारण सडलेलं अंडं यंत्रात फुटलं तर सगळ्यांनाच धोका. प्राचीन ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनं वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून तपासली आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात धडधडणारा रक्ताचा बिंदू, म्हणजे हृदय, दिसतं अशी नोंद केली. ती आजही बरोबर आहे. त्याच काळात इजिप्तमध्ये कोंबडीशिवाय अंडी उबवतात हेही त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे तिथल्या मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवली जात आणि थर्मामीटर नसलेले कारागीर अंडं पापणीला लावून उष्णता जोखत.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद करायचं, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकण लावून टाकायचं. आता पिलू चोचीवरच्या टोकदार दातानं आधी वायुकोशाचा पापुद्रा फोडतं. प्रवासात वायुकोश भलतीकडे सरकलेला असेल तर नेमकं इथे पिलू चुकतं आणि पूर्ण वाढूनही गुदमरतं. सगळं ठीक असेल तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते, मग कवचाला बारीक भोक पडतं. आणि पुढचे बारा ते चोवीस तास काहीच होत नाही.

या काळात माणसाचा धीर सुटतो. पिलू अडकलं असं वाटून तो कवच सोलायला घेतो. पण पिलू तेव्हा विसावलेलं असतं. पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक शरीरात ओढून घेत असतं. त्या शिरा भरलेल्या असताना कवच सोललं तर रक्तस्राव होतो. नुसतं झाकण उघडलं तरी आतली ओल जाते, पापुद्रा सुकून पिलाभोवती आवळतो. कवच गोल कापत पिलू बाहेर आल्यावरही, अंग सुकून पिसं फुलेपर्यंत ते यंत्रातच बरं. पोटातल्या बलकावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. याच गुणामुळे अमेरिकेच्या टपाल खात्याला १९१८ पासून एका दिवसाची पिलं टपालानं पाठवता आली.

बाहेर आल्यावर पहिला आठवडा पिलांना ३५ अंशांची ऊब लागते, नंतर दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी उतरवतात. पहिल्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस आणि दुसऱ्यात गंबोरोची, हे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून आधीच लिहून आणावं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्या भागातल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. साथीची बातमी असेल त्या दिवसांत बाहेरून अंडी आणूच नयेत आणि नवी पिलं जुन्या कोंबड्यांपासून काही आठवडे वेगळी ठेवावीत. पिलांतली साधारण निम्मी कोंबडे निघणार. त्यांचं काय करायचं हे अंडी मागवतानाच ठरलेलं असावं.

तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी फेकण्याआधी मोकळ्या जागी फोडून पाहावीत. पहिल्या आठवड्यातच थांबलेले जीव जास्त असतील तर शंका प्रवासावर किंवा अंड्यांच्या वयावर घ्यावी. पूर्ण वाढून, चोच वायुकोशापर्यंत न पोहोचता मेलेली पिलं जास्त असतील तर आर्द्रता, फिरवणं आणि पार्सल आलं त्या दिवशी पेन्सिलीनं आखलेली वायुकोशाची कड पुन्हा तपासावी. या नोंदी आणि पहिल्या दिवशीचे फोटो विकणाऱ्याला पाठवले, तर पुढचं खोकं भरताना तो प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळून, निमुळतं टोक खाली ठेवून, भुसा दाबून भरेल.