वायफायला पासवर्ड आहे, मग काळजी कशाला?

फायबरची जोडणी द्यायला आलेला मुलगा भिंतीवर डबा ठोकतो, वायफायला घरातल्या कोणाचं तरी नाव देतो, पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर टाकतो, फोनवर स्पीड दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. राउटरचं काम इथे संपलं, असं बहुतेक घरांत समजलं जातं. खरं तर या डब्याला पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा. दुसरा डब्याच्या आतल्या सेटिंगचा, आणि तो अनेकदा कारखान्यातून आला तसाच राहतो: नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. पहिला शेजाऱ्याला अडवतो. दुसरा ज्याच्या हाती लागला, तो घरातल्या सगळ्या उपकरणांचं इंटरनेट आपल्याला हवं तिकडे वळवू शकतो.

ब्राझीलमध्ये नेमकं हेच झालं. २०११च्या सुमारास तिथल्या चोरांनी मोडेममधल्या एका त्रुटीतून सेटिंगमध्ये शिरून डीएनएसचे पत्ते बदलले. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. ती खोटं सांगू लागली की बरोबर नाव टाइप करूनही माणूस नकली पानावर पोहोचतो. सुमारे ४५ लाख मोडेम असे बाधित झाले. संगणकात विषाणू शोधून काही सापडेना, कारण बिघाड संगणकात नव्हताच.

कारखान्याच्या पासवर्डची गोष्ट तर आणखी सोपी. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटभर फिरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत होता. त्याच्याकडे कसलीही जादू नव्हती. नाव आणि पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. ती एकामागून एक लावून बघायची, एवढंच. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी ‘डाइन’ या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. ज्यांची उपकरणं या कामाला जुंपली गेली, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल.

‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?’ या लाडक्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चोराला तुमचे फोटो नको असतात, तुमची जोडणी हवी असते. याचा दाखला महाराष्ट्रातच मिळतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीची ईमेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाच्या नावावर ती इंटरनेट जोडणी होती. मेल त्याने पाठवलीच नव्हती; त्याचं असुरक्षित वायफाय भलत्यांनीच वापरलं होतं. पण पहिली चौकशी झाली ती त्याचीच. पुढे २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय हुडकत शहरात फिरले, ते अशा प्रकरणांमुळे.

आता मोबाइल नंबरच्या पासवर्डाविषयी. दहा आकडी असल्यामुळे तो भक्कम वाटतो. पण भारतातला मोबाइल नंबर ६ ते ९ यांपैकी एकाने सुरू होतो, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त चारशे कोटी. फोन राउटरला जोडला जात असतानाची देवाणघेवाण कोणी हवेतून टिपून घेतली, तर पुढचे अंदाज तो स्वतःच्या घरी बसून लावू शकतो, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला चारशे कोटी म्हणजे काही तासांचं काम. शेजाऱ्याला तर तेवढीही खटपट नको, तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये आहेच. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड याहून कितीतरी बरा.

वायफायचं नाव लपवून ठेवण्याचा सल्ला मात्र खुशाल विसरा. नाव लपवलं की तुमचाच फोन बाहेर जाईल तिथे ‘अमुक वायफाय आहे का?’ असं विचारत फिरू शकतो. ठरावीक उपकरणांनाच परवानगी देणारी मॅक पत्त्याची यादीही तशीच. तो पत्ता नक्कल करता येतो. बंद करायचंच तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडणी देणारी सोय, बंद करा. त्यातला पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११च्या अखेरीस उघड झालं. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूईपी दिसत असेल तर राउटर भंगारात काढा.

फायरवॉलकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. ‘आमच्या राउटरमध्ये फायरवॉल आहे’ असं म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा नॅट असतं. घरातल्या उपकरणांचे पत्ते १९२.१६८ने सुरू होणारे, खासगी. बाहेरच्या जगाला दिसतो तो सगळ्यांचा मिळून एकच पत्ता. आतून कोणी काही मागवलं तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच्याकडे पोहोचवतो. न मागवता आलेलं मात्र फ्लॅट नंबर न लिहिलेल्या पार्सलासारखं गेटवरूनच परत जातं. परिणाम संरक्षणाचा दिसतो, पण नॅट हा पत्त्यांची टंचाई भागवण्याचा उपाय आहे. काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही, याचे नियम फायरवॉल पाळते.

एकाच राउटरमध्ये दोन्ही असतात, मग हा फरक कशाला उगाळायचा? आयपीव्ही६मुळे. या नव्या पद्धतीत पत्ते अमाप असल्याने प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, नॅट लागत नाही, आणि आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. तिथे तुमच्या टीव्ही-कॅमेऱ्याच्या आणि जगाच्या मध्ये उभी असते ती फक्त फायरवॉल. बहुतेक राउटरांत ती मुळातच चालू असते. पण गेम अडकतो किंवा कॅमेरा दिसत नाही म्हटलं की ‘फायरवॉल बंद करून बघा’ असं सांगणारे महाभाग भेटतात, आणि एकदा बंद केलेली पुन्हा चालू करायची आठवण कोणाला राहत नाही. यूपीएनपीकडेही लक्ष हवं. घरातलं कोणतंही उपकरण परस्पर राउटरला सांगून बाहेरून आत येण्याची वाट उघडू शकतं, ती या सोयीमुळे. गेमिंग कन्सोलला तिची गरज पडते. स्वस्तातल्या कॅमेऱ्याला ती देण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

फायरवॉल काय करत नाही, हेही सांगायला हवं. वीजबिलाच्या नावाने आलेली एपीके फाइल तुम्हीच उघडली, तर मागणी आतून गेलेली असते. राउटर ती इमानेइतबारे पुरी करतो.

स्वतःचा राउटर विकत घेतला की जुना डबा काढून टाकता येतो, असंही अनेकांना वाटतं. फायबरचा प्रकाश विजेच्या संकेतात बदलणारं यंत्र, ओएनटी, त्या डब्यातच असतं. दुकानातल्या साध्या राउटरात ते नसतं. नवा राउटर नुसता मागे जोडला तर नॅट दोनदा होतं. इंटरनेट चालतं, पण बाहेरून घरात पोहोचायचं म्हटलं की घोटाळा. कंपनीला सांगून जुना डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नॅट न करता जोडणी नुसती पुढे देणाऱ्या स्थितीत, टाकून घ्यावा आणि जोडणीसाठी लागणारं पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा लिहून घ्यावा. हा कागद मागताना थोडी चिकाटी लागते.

व्हीपीएनच्या जाहिराती बघितल्या तर वाटेल, ते घेतलं की बाकी काही करायला नको. प्रत्यक्षात व्हीपीएन एवढंच करतं: तुमच्यापासून दुसऱ्या एका सर्व्हरपर्यंतची वाहतूक कुलूपबंद करतं. इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठे जाता ते दिसत नाही, पण आता ते व्हीपीएन कंपनीला दिसतं. विश्वास संपला नाही, त्याची जागा बदलली. विषाणू ते रोखत नाही. गूगलमध्ये लॉग-इन करून बसलात तर गूगलला तुम्ही कोण ते ठाऊकच असतं. आणि बँकेचा व्यवहार एचटीटीपीएसमुळे आधीच कुलूपबंद असतो.

भारतात व्हीपीएन बेकायदा आहे का? नाही. जम्मू-काश्मीरमध्ये काही जिल्हा प्रशासनांनी ठरावीक काळापुरती बंदी घातली होती, पण देशभर तसा कायदा नाही. मात्र सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि संपर्क पाच वर्षं जपून ठेवायचे आहेत. कार्यालयांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळलेली आहेत. काही परदेशी कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून घेतले.

राउटरवर व्हीपीएन बसवायचं तर आधी ठरवा, बाहेर जायला हवं की घरात यायला? पहिल्या प्रकारात घरातलं सगळं व्हीपीएनमधून जातं. साध्या राउटरचा प्रोसेसर तिथे धापा टाकतो आणि ३०० एमबीपीएसची जोडणी कितीतरी मंदावते. माझ्या मते बहुतेक घरांना हे नको. ज्याला लागेल त्याने लॅपटॉपवर वापरावं. दुसरा प्रकार खरा उपयोगाचा. पुण्यात बसून गावच्या घरातला कॅमेरा बघायचा असेल तर त्यासाठी फायरवॉलला भोक पाडण्यापेक्षा घरच्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवणं फार चांगलं. २०२०पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि चालतंही हलकं. पीपीटीपी हा जुना पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

इथे एक अडचण येते. आपल्याकडच्या अनेक कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी किंवा १०ने सुरू होत असेल, तर बाहेरून घरात थेट येता येणार नाही, पोर्ट फॉरवर्डिंगच्या कितीही खटपटी करा. मग पैसे भरून स्थिर पत्ता घ्या, आयपीव्ही६ वापरा, नाहीतर टेलस्केलसारखी सेवा.

राहता राहिला सगळ्यांचा आवडता उपाय: बंद करून चालू करणे. मे २०१८मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक प्रोग्रॅमने किमान ५४ देशांतली पाच लाख उपकरणं ग्रासली, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं. पण त्याने त्या प्रोग्रॅमचे नंतरचे टप्पे पुसले जात. पहिला टप्पा तसाच चिकटून राहत असे. तो काढायला फॅक्टरी रीसेट, नवं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि नवा पासवर्ड लागत होता.

नवं फर्मवेअर मात्र कंपनीने काढलं तरच मिळतं, आणि जुन्या मॉडेलांसाठी कंपन्या ते काढणं थांबवतात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सगळ्यांना सारखा कारखानी पासवर्ड द्यायला बंदी आहे आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं. दुकानात गेल्यावर अँटेना मोजत बसू नका. या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.