फळ्यावर न आलेले आकडे

पश्चिम केनियातले बुंगोमा आणि बुतेरे-मुमियास म्हणजे लुह्या लोकांचा ऊस-मक्याचा मुलूख. इथल्या शाळेत शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात. १९९९ मध्ये सरकारने एड्स ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली आणि गणित, भाषा शिकवणाऱ्या या म्वालिमूवर आणखी एक काम येऊन पडलं. ज्या गोष्टी घरात कुणी काढत नाही, त्या त्याने वर्गात काढायच्या.

त्यासाठी २००३ मध्ये तिथे प्रशिक्षण झालं. सरकारचं शिक्षण खातं आणि आयसीएस ही स्वयंसेवी संस्था यांनी ते मिळून घेतलं. दर शाळेतून तीन शिक्षक आणि पाच दिवसांचा वर्ग. एचआयव्ही कसा पसरतो, कसा पसरत नाही, मुलांशी बोलायचं कसं, शाळेत आरोग्य मंडळ कसं काढायचं, हे सगळं त्यात होतं. अभ्यासक्रमाचा गाभा मात्र एकच होता: लग्नापर्यंत संयम. निरोधची माहिती त्यात नव्हती. मुलांनी विचारलंच, तर उत्तर देणं शिक्षकावर सोडलेलं.

याचा उपयोग होतो का, हे एस्तेर दुफ्लो, पास्कलिन दुपा आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. ३२८ शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. एका गटात शिक्षकांना प्रशिक्षण, दुसऱ्यात सहावीच्या मुलांना फुकट गणवेश, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात काहीच नाही.

प्रशिक्षित शिक्षक बोलू लागले. वर्गात एड्सचा विषय पूर्वीपेक्षा जास्त वेळा निघाला. पण नुसत्या प्रशिक्षणाने किशोरवयीन मुलींची गर्भारपणं कमी झाली नाहीत. ती कमी केली गणवेशाने. कपड्यापायी सुटणारी शाळा सुटली नाही आणि तीन वर्षांत गर्भारपणाचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १३ वर आलं. जिथे दोन्ही मिळालं, तिथे सात वर्षांनी मुलींमध्ये लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या हर्पिसची लागण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी दिसली. म्हणजे शिक्षकाचा शब्द वाया गेला नव्हता. त्याला जोड हवी होती.

खरा धडा निराळ्याच तासाला मिळाला. दुपा यांच्या प्रयोगात ७१ शाळांतल्या आठवीच्या वर्गांत बाहेरचा माणूस आला, एक छोटी फिल्म दाखवली आणि किसुमू शहरातलं एचआयव्हीच्या लागणीचं प्रमाण वयानुसार फळ्यावर मांडलं. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं चार टक्क्यांच्या आसपास. त्याच वयाच्या मुली वीस टक्क्यांहून वर. तिशीतले पुरुष त्याहूनही वर. मुलींना लागण वर्गातल्या पोरांकडून होत नव्हती, पैसे आणि भेटी देणाऱ्या थोराड पुरुषांकडून होत होती. त्या चाळीस मिनिटांनी वर्षभरात गर्भारपणं २८ टक्क्यांनी घटली, तीही मुख्यतः वयस्क पुरुषांपासूनची.

आपल्याकडे २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं होतं, तेव्हा वाद बोलावं की नाही एवढ्यावरच अडला. बुंगोमाचा म्वालिमू तो उंबरठा ओलांडून गेला होता. त्याने संकोच गिळला, तास घेतला, दिलेलं पुस्तक इमानाने शिकवलं. पुस्तकाने सगळ्या मुलांना सारखाच उपदेश केला. धोका मात्र सगळीकडे सारखा नव्हता. तो कुठे दबा धरून बसलाय, हे सांगणारे आकडे म्वालिमूच्या हाती कुणी दिलेच नव्हते.