क्लचमधला हवेचा बुडबुडा

दोन दिवस खपून जुन्या लँड रोव्हर गाडीला नवा क्लच बसवला. बोल्ट आवळले, इंजिन सुरू केले आणि पेडल दाबून पहिला गिअर टाकायला जावे, तर कर्रर्र असा आवाज! क्लच नवा, गिअरपेटी चांगली, मग चुकले कुठे? पुष्कळदा याच्या मुळाशी असतो चमचाभरही नसलेला हवेचा बुडबुडा. एवढीशी हवा एवढ्या दांडग्या गाडीला कशी अडवते, ते पाहू या.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट या चाकाला टेकलेली असते आणि दणकट स्प्रिंगांची प्रेशर प्लेट तिला मागून दाबून धरते. त्यामुळे इंजिनाची गती गिअरपेटीत जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगांचा दाब काढून घेते, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. मोकळी होते ती मात्र अगदी मिलिमीटरच्या हिशेबात!

लँड रोव्हर ही इंग्लंडमधली गाडी. पहिली १९४८ साली आली, दुसरी मालिका १९५८ मध्ये. (२००८ मध्ये ही कंपनी टाटा मोटर्सने विकत घेतली.) चारही चाकांना शक्ती देणाऱ्या या गाडीत क्लच बदलणे म्हणजे मोठाच खटाटोप. गिअरपेटीच्या पाठीशी पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटून देणारी दुसरी पेटी जोडलेली असते. आसांकडे जाणारे दोन्ही फिरते दांडे सोडवायचे, पायाखालचे पत्रे आणि सीटखालची पेटी काढायची, मग ते सारे धूड गाडीच्या आतूनच उचलून बाहेर घ्यायचे. म्हणून जाणता मिस्त्री एवढे उघडल्यावर एकटी प्लेट बदलून थांबत नाही. रिलीज बेअरिंगही बदलतो आणि फ्लायव्हीलला तडे गेलेत का ते पाहतो. नवी प्लेट बरोबर मध्यावर धरण्यासाठी तिच्या भोकातून एक दांडा घालतात. ती जराशी सरकली, तरी गिअरपेटीचा दांडा आत शिरत नाही.

इथे एक इशारा. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात गेले, तर कित्येक वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. तेव्हा आतली काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी, तीही मोठ्यांनीच.

आता बुडबुड्याकडे वळू. पेडलाजवळ मास्टर सिलिंडर असतो, क्लचजवळ स्लेव्ह सिलिंडर, आणि दोघांना जोडणाऱ्या नळीत ब्रेक ऑइल. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहातच. समजा, मास्टरचा दट्ट्या २० मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर. पायाने १५ किलोग्रॅम भाराइतका जोर दिला आणि पेडलाच्या तरफेने तो पाचपट झाला, तर दट्ट्यावर ७५ किलोग्रॅम भार येईल. म्हणजे द्रवातला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ २४ पट वाढला! एवढ्या दाबाखालीही द्रव हजारात एखाद्या भागाइतकाच आक्रसतो.

हवेचे तसे नाही. नळीत २ घन सेंटिमीटर हवा राहिली असेल, तर बॉइलच्या नियमाने तिचे आकारमान पंचविसाव्या हिश्श्यावर येईल, म्हणजे ०.०८ घन सेंटिमीटर. दट्ट्या २४ मिलिमीटर सरकला, तर तो साधारण ७.५ घन सेंटिमीटर द्रव ढकलतो. त्यातला १.९ नुसता बुडबुडा दाबण्यात गेला! पाव मेहनत वाया. स्लेव्ह अपुरा सरकतो, क्लच पुरता सुटत नाही आणि दाते करकरतात. सुया काढलेल्या दोन सिरिंजा नळीने जोडून आधी नुसते पाणी आणि मग थोडी हवा भरून पाहा. फरक बोटांनाच कळेल.

ही हवा काढण्याला गॅरेजमध्ये ‘एअर काढणे’ म्हणतात. स्लेव्हवरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. एकाने पेडल सावकाश दाबायचे, दुसऱ्याने त्याच वेळी निपल सैल करायचा आणि पेडल सोडण्यापूर्वी आवळायचा. हा क्रम चुकला, की बाहेर काढलेलेच परत आत येते! बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे लागते आणि वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नसते. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून पत्र्यावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. त्याऐवजी इंजिनाचे तेल घातले, तर रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

शेवटी पेडलाची जुळवणी. पेडलाची दांडी आणि मास्टरचा दट्ट्या यांत सुमारे दीड मिलिमीटर फट हवी. ‘एवढी ढिलाई कशाला?’ असे वाटून काही जण ती मिटवून टाकतात. मग दट्ट्या पुरता मागे येत नाही आणि द्रवाची टाकीकडे परतायची वाट बंद राहते. इंजिनाच्या उष्णतेने द्रव प्रसरण पावला, की तो जाणार कुठे? तो स्लेव्हलाच ढकलतो, कोणी पाय न ठेवता क्लच थोडासा दाबलेला राहतो आणि चढावर नवी कोरी प्लेट घसरून जळू लागते. तपासायला यंत्र लागत नाही. पेडल हाताने हळूच दाबावे. खरा जोर लागण्याआधी ते किंचित मोकळे हलायला हवे.