रोगाने मासा दगावल्यावर टाकीचे निर्जंतुकीकरण

शोभिवंत माशांचे संगोपन हा अल्प जागेत व थोड्या पाण्यात करता येण्याजोगा जोडधंदा होय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा संगोपन केंद्रांना अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. परंतु एका टाकीतील रोग एकाच हातजाळीमुळे सर्व टाक्यांत पसरतो आणि हंगामाचे उत्पन्न बुडते. म्हणून रोगाने मासा दगावताच टाकीची शुद्धी कशी करावी, हे प्रत्येक मत्स्यपालकाने जाणून घेतले पाहिजे.

प्रथम कारण पाहावे

प्रत्येक मृत्यू रोगानेच होतो असे नाही. पहाटे अनेक मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत एकदम मेले, तर बहुधा प्राणवायूची उणीव असते. अंगावर व्रण, पांढरे ठिपके, कापसासारखी वाढ किंवा कुजलेले पर दिसल्यास मात्र रोगाचा संशय घ्यावा. मेलेला मासा त्वरित काढून चुन्यासह खोल पुरावा; ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. जिवंत मासे वेगळ्या टाकीत हलवून उपचार करावेत. मासे असलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर कदापि टाकू नये, कारण क्लोरीनच्या अल्प मात्रेनेही ते मरतात.

शुद्धीची रीत

टाकीतील पाण्यात दर १०० लिटरला ७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून ते रात्रभर ठेवावे व नंतर विहीर, ओढा आणि पिके यांपासून दूर मोकळ्या जमिनीवर सोडावे. त्यानंतर टाकी घासून गाळ व शेवाळ पूर्णपणे काढावे. ही पायरी वगळू नये. घाणीत क्लोरीन खर्ची पडतो आणि जंतू मात्र वाचतात.

स्वच्छ टाकीसाठी १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळावी. ताज्या पावडरीत सुमारे ३० टक्के क्लोरीन असल्याने लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. जुनी, दमट पावडर निकामी समजावी. हे द्रावण टाकीत काठोकाठ भरून एक तास ठेवावे. हातजाळी, बादल्या व हवेच्या नळ्याही त्यात बुडवाव्यात. जुने स्पंज व पाणवनस्पती टाकून द्याव्यात. खडी उकळून घ्यावी.

द्रावण ओतून टाकी तीन-चार वेळा धुवावी आणि दोन-तीन दिवस उन्हात कोरडी होऊ द्यावी. क्लोरीनचा वास राहिल्यास १० लिटर पाण्यात १५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून त्याने टाकी धुवावी, म्हणजे उरलेला क्लोरीन निष्प्रभ होतो.

घ्यावयाची काळजी

ब्लीचिंग पावडरीत आम्ल किंवा अमोनियायुक्त पदार्थ मिसळू नयेत. विषारी वायू निघतो. काम उघड्यावर, हातमोजे घालून व नाकावर फडके बांधून करावे. माशांतील क्षयसदृश रोगाचे जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाहीत व जखमेवाटे माणसाच्या त्वचेत शिरून गाठी उत्पन्न करतात. मासे खंगत जाऊन मरत असल्यास कोरड्या झालेल्या टाकीला ७० टक्के स्पिरिटही चोळावे. त्या वेळी जवळ विस्तव नसावा. हाताला जखम असलेल्याने हे काम करू नये.

पुन्हा मासे सोडताना

निर्जंतुकीकरणात गाळणीतील उपयुक्त जंतूही मरतात. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे रूपांतर तेच करीत असतात व त्यांची वाढ पुन्हा होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. यास्तव प्रारंभी थोडेच मासे सोडावेत, खाद्य बेताने द्यावे व पाणी वरचेवर अंशतः बदलावे. आजारातून उठलेले मासे पूर्ण बरे झाल्याविना शुद्ध टाकीत आणू नयेत, नाहीतर सारा खटाटोप व्यर्थ जाईल. विकत आणलेले मासे दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत आणि प्रत्येक टाकीसाठी स्वतंत्र हातजाळी वापरावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी केंद्रभेटीत या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात. एका हातजाळीचा खर्च टाकीभर माशांच्या मोलापुढे काहीच नव्हे.