पिकावरील पाखरे आणि सापळ्याचा प्रश्न

पौषाच्या सुमारास परतूर-मंठ्याकडील रब्बी ज्वारी चिकात येऊ लागते आणि त्याच वेळी भोरड्यांचे थवे शिवारावर उतरू लागतात. मध्य आशियात वीण आटोपून हिवाळ्यात आपल्याकडे येणारा हा गुलाबी-काळा पाहुणा काही मिनिटांत कणसेच्या कणसे रिकामी करतो. भोकरदन-जाफराबाद भागातील मक्यावर पोपट, कडवंची परिसरातील द्राक्षबागांवर बुलबुल व साळुंक्या आणि बाजरीवर चिमण्या व सुगरणी अशी ही जणू वाटणीच झालेली आहे. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. सन 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली, तेव्हापासून बीजोत्पादनाचे प्लॉट हा येथील शेतीचा एक महत्त्वाचा भाग होऊन बसला आहे. अशा प्लॉटमध्ये पाखराने टिपलेला दाणा हा केवळ धान्याचा दाणा नसतो. त्याचे मोल कितीतरी अधिक असते.

पूर्वी हा त्रास नव्हता असे नाही. परंतु शिवारभर ज्वारीच असे, त्यामुळे पाखरांचा वाटा सर्वांमध्ये विभागला जाई. शिवाय घरोघरी माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणारी माणसे होती. आज कापूस आणि सोयाबीनच्या पसाऱ्यात एखाद-दुसरा तुकडा ज्वारीचा उरतो आणि साऱ्या पंचक्रोशीतील थवे त्या एकाच तुकड्यावर तुटून पडतात. राखणीला माणूस मिळत नाही. मग जाळी, फासे किंवा चिकाने माखलेल्या काड्या लावून पाखरेच धरून टाकावीत, असा विचार काहींच्या मनात येतो. हा उपाय कितपत उपयोगी आहे, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

पक्षी पकडण्याच्या सापळ्यांचा पद्धतशीर वापर ऑस्ट्रेलियात होतो. गंमत अशी की, तेथे पकडला जाणारा पक्षी म्हणजे आपली साळुंकी होय. सन 1862च्या सुमारास मेलबर्न येथे भाजीमळ्यांतील किडींचा नाश व्हावा म्हणून ती मुद्दाम नेण्यात आली, आणि पुढे तीच तेथील मूळच्या पक्ष्यांच्या ढोली बळकावू लागली. तेथील सापळा दोन कप्प्यांचा असतो. खाली खाद्य ठेवलेला कप्पा व आत येता येईल, पण बाहेर पडता येणार नाही असे अरुंद दार. आत शिरलेला पक्षी वरच्या कप्प्यात जातो आणि त्याला पाहून दुसरे येतात. जगातील सर्वांत उपद्रवी अशा 100 परक्या जीवांची जी यादी सन 2000 मध्ये जाहीर झाली, तीत पक्षी अवघे तीन आहेत आणि त्यांपैकी साळुंकी व लालबुड्या बुलबुल हे दोन भारतातले आहेत. म्हणजे ज्यांना जग परके म्हणून हाकलू पाहते, ते आपल्या बांधावर घरचेच आहेत.

येथेच त्या उपायाची मर्यादा स्पष्ट होते. नव्याने शिरलेल्या, संख्येने थोड्या पक्ष्यांवर सापळा चालतो. आपल्याकडील भोरड्यांचे थवे हजारोंचे असतात. त्यांतील शंभर धरले तरी दुसऱ्या दिवशी ती जागा भरून निघते आणि त्या दिवसाचे पीक गेलेले असतेच. याशिवाय हेच पक्षी शेतकऱ्याचे कामही करतात. चिमणी व सुगरण एरवी दाणे टिपतात, पण पिलांना प्रामुख्याने अळ्या-किडे भरवितात. भोरडी ही तर नाकतोडे व टोळ खाणारी म्हणून प्रसिद्ध आहे. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी तिच्याकरिता दगडांचे ढिगारे रचून घरट्यांची सोय करण्यात आली. आपणही घाटेअळीसाठी हरभऱ्यात पक्षिथांबे उभारतोच.

कायद्याची बाजू तर अगदी निःसंदिग्ध आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये ‘शिकार’ या शब्दात पकडणे, फासे लावणे व सापळा लावणे यांचा समावेश होतो. पक्ष्यांची अंडी व घरटी यांची नासधूसही त्यात येते. सन 2022 च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीच वगळण्यात आली. पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास धोका निर्माण झाल्यास या अनुसूचीतील प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. शेतकऱ्याने स्वतःच्या मर्जीने सापळा लावणे मात्र गुन्हा ठरते. विषारी दाणे टाकणे त्याहून घातक, कारण ते मोरही टिपतो आणि मोर पहिल्या अनुसूचीतील असल्याने शिक्षा किमान 3 वर्षांची आहे.

तेव्हा पाखरू धरण्याऐवजी ते पिकावर उतरणार नाही अशी व्यवस्था करणे हेच शहाणपणाचे. त्यासाठी एका बाजूने लाल व दुसऱ्या बाजूने रुपेरी अशी चकाकणारी फीत स्वस्त आणि परिणामकारक ठरली आहे. ही फीत बांबूंना बांधून पिकाच्या वर सुमारे अर्धा मीटर ताणावी, तिला दोन-तीन पीळ द्यावेत, आणि दोन फितींत 3 ते 5 मीटर अंतर ठेवावे. शक्यतो उत्तर-दक्षिण बांधावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती लखलखते. वाऱ्याने तिचा गुणगुणता आवाजही होतो. मात्र ती महिनाभर आधी बांधून ठेवू नये. पाखरे चतुर असतात, सरावतात. दाणा चिकात येताच बांधावी व टणक होताच काढून घ्यावी. बुजगावण्याचेही तेच आहे. एकाच जागी उभे असलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसलेला कोणी पाहिला नाही?

मक्यात पोपटांचा मारा मुख्यतः कडेच्या ओळींवर असतो. बाहेरच्या दोन-तीन ओळींतील कणसे शेजारच्याच हिरव्या पानांनी गुंडाळली तर बरेच नुकसान टळते आणि खर्च केवळ मजुरीचा. द्राक्षबागेस जाळीचे आच्छादन हाच खात्रीचा उपाय आहे. जाळी ताठ ओढलेली असावी, सैल जाळीत घुबडे व साप अडकून मरतात आणि उंदीर मोकळे सुटतात. पक्षिथांबे दाणे भरू लागताच काढावेत.

ज्वारी-बाजरीच्या बाबतीत सर्वांत मोठा उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाही. गावातील पेरण्या एकाच आठवड्यात झाल्या, तर कणसेही एकदमच पिकतात आणि पाखरांचा मारा विभागला जातो. आगाप किंवा मागास पेरलेला एकटा तुकडा हमखास लुटला जातो. राखणीचेही तसेच. चार-पाच लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून पहाटे व सायंकाळी आळीपाळीने एक माणूस ठेवला, तर तीन आठवड्यांचा खर्च प्रत्येकाला झेपण्यासारखा होतो. पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत तारीख ठरविण्याबरोबर या पाळ्याही ठरविता येतील. फितीची जोडणी किंवा जाळीची निवड याबाबत खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करता येईल.